नवरात्रातली गोळी

काल देवळाच्या पायरीवर एक बाई बसली होती. कपाळाला मळवट, नऊ दिवसांचा उपास तोंडावर दिसत होता. तिनं पिशवीतून गोळी काढली आणि चारचौघांत पाण्याबरोबर गिळली. शेजारची म्हणाली, "उपासाला चालती का गं?"

"देवीला काय कळत नाही होय? मनाच्या आजाराची गोळी हाय ही, मधीच सोडायची नसती."

मी चौथी शिकलेला माणूस. काही वर्षांमागं माझी बायको सुमन दिवसभर भिंतीकडं बघत बसायची. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, दोन-तीन महिन्यांत ती परत बोलायला लागली. मग नवरात्र आलं. मी म्हणालो, "बरी झालीस की आता. नऊ दिवस पोटात औषध नको." तिनं ऐकलं. चौथ्या दिवशी तिला गरगरायला लागलं, झोप उडाली, हात कापायला लागले. मला वाटलं, देवी अंगात आली. मी शेजारच्या बायका बोलावून तिची ओटी भरायला लावली.

डॉक्टर नंतर म्हणाले, "एकदम बंद करायची नसते, बाबा. कमी करायची ती आम्ही हळूहळू करतो." गोळ्या परत सुरू झाल्या. पण त्यानंतर ती माझ्याकडं पाठ करून गिळायची, चोरी केल्यासारखी.

वर्षापूर्वी न्यूमोनियानं सुमन गेली. मग मीही तसाच भिंतीकडं बघत बसायला लागलो; आता तसलीच गोळी मला लागते. उपास धरतो आणि गोळीही वेळेवर घेतो. मला अडवायला घरात कुणी नाही. तिला अडवायला मी होतो.