तिसरी मेंढी

खरं नाव काहीही असो, सगळे त्याला ठसेमास्तर म्हणत. तरुणपणी तो शिकाऱ्यांना वाट दाखवायचा, उतारवयात वनखात्याला दाखवू लागला. मालक बदलले, काम तेच. मेलेल्या जनावराची मान चाचपली की दात कुणाचे, हे तो सांगायचा आणि त्याच्या शब्दापुढे साहेबही जात नसत. या मानाची त्याला चटक लागली होती. टपरीवर चहा प्यायचा तोही ऐटीत, आणि बहुधा दुसऱ्याच्या पैशानं.

खात्याचा नियम होता. एकाच बिबट्यानं वर्षात तीनदा पाळीव जनावर मारल्याचं सिद्ध झालं की त्याला गोळी घालायचा परवाना निघायचा. टेकडीवरच्या मादीच्या नावावर दोन मेंढ्या लागल्या होत्या. तिची दोन पिल्लं ठसेमास्तरानं स्वतः पाहिली होती, आणि खरं सांगायचं तर म्हातारा त्या मादीच्या प्रेमातच पडला होता. तिकडे गावातला शिकारी तिसऱ्या मेंढीची वाट बघत बंदूक पुसत बसलेला.

तिसरी मेंढी गेली ती नेमकी ठसेमास्तराच्या मावसबहिणीची. नवरा गेल्यापासून ती एकटीच कळप सांभाळायची. सोबतीला एक कुत्रा, उगाच भुंकत नाही म्हणून त्याचं नाव मुक्या.

सकाळी वनखात्याची जीप मेंढवाड्याच्या कुंपणापाशी थांबली. ठसेमास्तर गुडघे टेकून बसला, लोकर बाजूला केली. गळ्यावर चार खोल भोकं. दात मादीचेच, शंकेला जागाच नव्हती. त्यानं लोकर पुन्हा सारखी केली आणि उठता उठता म्हणाला, "कुत्र्यांचं काम आहे."

"नक्की ना?" साहेबांनी विचारलं.

"तीस वर्षं हेच बघतोय साहेब."

साहेबांनी तसं लिहून घेतलं. ठसेमास्तराच्या मनात भटकी कुत्री होती. त्यांना कोण विचारतो? बिबट्यानं मारलं तर मिळणारी बहिणीची सरकारी भरपाई बुडेल खरी, पण तिला एक मेंढी आपण आणून देऊ, असं त्यानं स्वतःला समजावलं. एवढ्यात बहिणीची नजर मुक्यावर गेली. रात्री तो मादीच्या अंगावर धावून गेला असणार, त्याचं तोंड रक्तानं माखलं होतं.

"दादा, याच्या तोंडाला रक्त आहे रे."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण साहेब दोन पावलांवर उभे. "बघू," असं म्हणून तो जीपमध्ये चढला. 'बघू' म्हणून माणूस किती पापं झाकतो, देव जाणे.

मेंढीच्या रक्ताची चव लागलेला कुत्रा मेंढपाळ एक दिवसही ठेवत नाहीत, आणि त्याला मारायचं ते धन्यानं स्वतःच. हे ठसेमास्तराला पक्कं ठाऊक होतं. दुपारी टेकडीखालून बंदुकीचा एक बार ऐकू आला आणि हातातला घास हातातच राहिला.

तीन दिवस तो घराबाहेर पडला नाही. चौथ्या दिवशी गेला, तर बहीणच म्हणाली, "दादा, तू सांगितलंस म्हणून कळलं. नाहीतर अख्खा कळप गेला असता."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मादीनं मारलं होतं," तो कसाबसा बोलला. "बसल्या जागीच कळलं होतं मला. तिला वाचवायला खोटं बोललो."

"शेजाऱ्याची बंदूक मागून आणली मी," ती म्हणाली. "ती बघून मुक्यानं शेपटी हलवली रे. त्याला वाटलं, फिरायला चाललोय."

"ओरड माझ्यावर. ऑफिसात जाऊन सांग, मी खोटारडा आहे म्हणून."

"पिल्लं आहेत ना तिला?"

"दोन."

"मग नाही जात. माझ्या हातून एक जीव गेला, तेवढा पुरे." तिनं काठी उचलली. "बाजूला हो, मेंढ्या सोडायच्यात."

कळप बाहेर पडला आणि फाटकातच चहूकडे पांगला. पन्नाशीची बाई काठी घेऊन या बाजूला धावे, तोवर त्या बाजूच्या मेंढ्या फुटत. ठसेमास्तर कुंपणाला धरून उभा होता. मदतीला धावण्याइतकं तोंड त्याला उरलं नव्हतं.