नऊ फूट दोन इंच

सगळी गल्ली त्याला सूतभर म्हणायची. खरं नाव कागदपत्रांवर असेल तेवढंच. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, आणि हा माणूस तेवढ्या फरकासाठी भरल्या ताटावरून उठायचा. बायकोनं टेबल सरकवलं की हा वर लेव्हल ठेवून, वाकून, एक डोळा मिटून बघणार, पायाखाली कागदाची घडी सारणार आणि म्हणणार, "अजून सूतभर."

"माझ्या तोंडावर पण ठेवून बघा तुमची लेव्हल," बायको म्हणायची.

"बघितली होती. लग्नाआधी. तेव्हा सरळ होतं."

धंदा वजनकाटे दुरुस्त करायचा. वाण्याच्या दुकानातले किरकोळ काटे नव्हेत, पोती चढवायचे लोखंडी काटे. एकेका काट्याचं धूड वासराएवढं. टेम्पो थेट दारात यायचा, दोघंजण काटा फळीवरून घसरवत खाली घ्यायचे. आत गेलं की तेलाचा आणि कानशीच्या चुऱ्याचा वास. भिंतीशी वीस-वीस किलोची वजनं फडक्याखाली झाकून ठेवलेली. त्यांना घामाचा हात लावलेला त्याला खपायचा नाही. दारात टेम्पो आला तर काम, नाही आला तर माश्या मारा, असा हा साधा हिशेब.

समोर धान्याचं जुनं गोदाम होतं. कित्येक वर्षं रिकामं. नगरपालिकेच्या डोक्यात आलं की गावाचं संग्रहालय काढायचं. जागा दोन होत्या. एक हे गोदाम, दुसरी तळ्याकाठची मोकळी जमीन. लोकांचं म्हणणं ऐकायला सभा ठेवली. सूतभरला त्या दिवशी काम नव्हतं, तो जाऊन मागच्या बाकावर बसला. संग्रहालय कुठंही होवो, त्याला त्याचं सुखदुःख नव्हतं.

पालिकेच्या इंजिनिअरनं भिंतीवर नकाशा लावला. तरुण पोरगा, शर्टाला इस्त्री कडक. म्हणाला, गल्ली सरसकट अकरा फूट रुंद आहे, आगीचा बंब आरामात जाईल.

सूतभर उठून उभा राहिला. उठायचं असं काही ठरवलं नव्हतं, पण बाकाचा खिळा टोचावा तसा उठला.

"चूक आहे."

"काय चूक आहे, काका?"

"अकरा तोंडाशी आहे. गोदामाच्या कोपऱ्यावर दगडी जोतं पुढं आलंय. तिथं नऊ फूट दोन इंच."

"तुम्ही मोजलंय?"

"मोजलंय."

"कशासाठी?"

दिसलं म्हणून मोजलं. सभा हसली. नगराध्यक्षही हसले आणि म्हणाले, "लिहून घ्या हो, लिहून घ्या. असे जागरूक नागरिक पाहिजेत." सूतभर घरी आला तो जरा ताठच चालत.

पंधरा दिवसांनी ठराव झाला. संग्रहालय गोदामातच होणार. पण गल्ली अरुंद असल्याचं नागरिकांनी निदर्शनास आणल्यामुळे तिथं सगळ्या वाहनांना बंदी. तोंडाशी कुलूप उघडून काढता येणारे लोखंडी खांब रोवायचे. मोठा बंब कोपऱ्यावर वळत नाही, म्हणून लहान बंब या भागासाठी राखून ठेवायचा आणि खांबांची किल्ली त्या बंबावरच ठेवायची.

बायकोनं ठराव दोनदा वाचला. "अकरा फुटांनी तुमचं काय खाल्लं होतं हो? असू दे की म्हणायचं होतं अकरा!"

"पण नव्हते अकरा."

"मग आता चाटा ते नऊ फूट."

खांब रोवले. टेम्पो तोंडाशी थांबायला लागले. काटा हातगाडीवर चढवायचा आणि फरशीच्या खाचखळग्यांतून दारापर्यंत आणायचा. आणणं एक वेळ जमायचं. पण दुरुस्त काटा परत नेताना असा हिंदकळायचा की ज्यांवर दांडी तोलते त्या आतल्या धारा जागच्या हलायच्या. गिऱ्हाईक दुकानावर जाऊन पोतं चढवी तर काटा पुन्हा खोटा. मग शिव्या. एकानं तोंडावर सांगितलं, "मास्तर, तुमचा हात गेला आता." चाळीस वर्षांत त्याला असं कुणी म्हटलं नव्हतं. पुढच्या दोन महिन्यांत तीन कामं आली. बायको काही बोलायची थांबली, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

तो पालिकेत गेला. इंजिनिअरनं खुर्ची दिली, पाणी दिलं.

"काका, माप तुमचंच. मी काय करू?"

"दुसरा काही मार्ग?"

इंजिनिअर दाराकडे बघत म्हणाला, "फेरमोजणीचा अर्ज करा. दहाच्या वर आलं तर मोठा बंब जातो असं धरता येतं. मग गल्ली बंद ठेवायचं कारणच उरत नाही. आणि तो लहान बंब दुसरीकडे मागतातच आहेत. माझी डोकेदुखी जाईल, तुमची जाईल."

"पण दहा नाहीत."

"नीट मोजा एकदा," इंजिनिअर म्हणाला. 'नीट' वर त्यानं जरा जोर दिला.

अर्ज बायकोनंच लिहिला. तो सही करेपर्यंत ती पेन हातात धरून उभी राहिली.

मोजणीच्या सकाळी इंजिनिअर एकटाच आला. संग्रहालयाचा वॉचमन तेवढा तिथं होता. नुकताच नेमलेला, किडकिडीत, बडबड्या. दर दोन-चार दिवसांनी सूतभरच्या काट्यावर उभा राहून "वाढलो का हो?" विचारायचा, आणि "कपड्यांसकट तेवढाच" ऐकून खो खो हसायचा. टेपला आडवी येत होती म्हणून त्यानं आपली खुर्ची उचलून बाजूला घेतली.

"सगळ्यात अरुंद कुठं आहे, काका?" इंजिनिअरनं विचारलं. टेपचं टोक त्यानं सूतभरच्या हातात दिलं.

कोपरा त्याला डोळे बांधून सापडला असता. तो कोपऱ्यापर्यंत गेला. जोत्याच्या दगडावर हात ठेवला. मग हातभर पुढं सरकला. तिथं भिंत आत गेलेली होती. टोक तिथं टेकवलं आणि म्हणाला, "इथं."

"दहा फूट एक इंच."

"आणि एक सूत," सूतभर म्हणाला.

इंजिनिअर हसला. "सूत राहू द्या, काका."

खांब निघाले. लहान बंब दुसऱ्या भागात गेला. टेम्पो परत दारात यायला लागले, बायको परत टोमणे मारायला लागली, गाडी रुळावर आली. सूतभर फक्त त्या कोपऱ्यावरून जायचं टाळी. दूध आणायला लांबचा फेरा घेई. बायकोनं विचारलं तर म्हणे, पाय मोकळे होतात.

संग्रहालय उघडायला महिना राहिला होता. आत लाकडी कपाटांना पॉलिश चाललं होतं. दुपारी दोनच्या सुमारास वायरिंगनं पेट घेतला. पॉलिशवाली माणसं ओरडत बाहेर पडली. वॉचमन माळ्यावर गेला होता, वर कुणी झोपलंय का ते बघायला. वर कुणीच नव्हतं. तेवढ्यात खालचा लाकडी जिना पेटला.

बंब लवकर आला, त्यात खोट नव्हती. मोठा बंब. कागदावर दहा फूट एक इंच होते, म्हणून ड्रायव्हरनं बेधडक आत घातला. कोपऱ्यावर जोत्याला घासला, मग अडकला. ना पुढं, ना मागं. शिडी बंबाच्या बाजूच्या फळ्या उघडून काढायची, पण त्या भिंतीला चिकटलेल्या. सूतभर दुकानाच्या दारात उभा होता. माळ्याच्या गजांतून दोन हात दिसत होते, पुढं तेही दिसेनात. लहान बंब गावाच्या दुसऱ्या टोकाकडून आला तेव्हा विझवण्याजोगं उरलं होतं ते फक्त छप्पर.

चौकशी बसली. सूतभर बोलावणं नसताना गेला. अधिकारी वयस्कर, कंटाळलेले.

"माप मी खोटं दिलं," तो म्हणाला. "अरुंद जागा मला माहीत होती. मी दुसरीकडे टोक लावलं."

अधिकाऱ्यांनी कागद चाळला. "यावर सही इंजिनिअरची आहे. तुमची कुठं आहे?"

"नाही."

"टेप धरणाऱ्याचा उल्लेखच नाही. जोतं नंतर पुढं सरकलं असावं असं इंजिनिअरनं लिहून दिलंय."

"साहेब, दगडाचं जोतं आहे. ते कसं सरकेल?"

"तुम्ही घरी जा," अधिकारी म्हणाले, तसे प्रेमानंच. "या वयात कशाला अंगावर ओढून घेता?"

इंजिनिअरची बदली झाली. संग्रहालय तळ्याकाठी न्यायचं ठरलं. गल्लीबद्दल ठरावात एक शब्द नव्हता, ती उघडी ती उघडीच राहिली.

वॉचमनची बायको एकदा आली, जागा बघायला. काळ्या भिंतींपुढं थोडा वेळ उभी राहिली, मग ऊन लागलं म्हणून सूतभरच्या पायरीवर बसली. आतून बायकोनं पाणी दिलं. सूतभर बाहेर आला आणि त्यानं तिला सगळं सांगितलं. टोक कुठं लावायचं होतं, कुठं लावलं, कशासाठी लावलं. आत बायकोच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

बाईनं ऐकून घेतलं. "साहेबांना सांगितलंत?"

"सांगितलं. लिहून घेत नाहीत."

"मग मला कशाला सांगताय?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुमचं ओझं उतरवायला मीच सापडले का?"

तेवढ्यात गल्लीत टेम्पो शिरला. मागं मोठा काटा दोरानं बांधलेला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. बाईनं पाय आत ओढून घेतले, वाट दिली.

"मास्तर, जरा हात लावा," ड्रायव्हर ओरडला. "जड आहे."

सूतभरनं हात लावला.