आबांचा शिसवी गुण्या

आबा सुतारांना वाकडं बघवत नसे. चहाच्या टपरीवर गेले तरी आधी बाकडं हलवून चारही पाय टेकतात का ते बघत, मग बसत. माझ्या स्टोअरमधलं कॅलेंडर जरा कलतं दिसलं की आत येऊन, एक अक्षर न बोलता ते सरळ करत आणि निघून जात. आपण खिळे मागायला आलो होतो हे त्यांना बाहेर गेल्यावर आठवे! एकदा सुपरवायझरसाहेब त्यांना फैलावर घेत होते, तर हा म्हातारा हात पुढे करून साहेबांच्या टायची गाठ नीट करायला निघाला. मी मध्ये पडलो म्हणून, नाहीतर त्याच दिवशी सगळा निकाल लागला असता.

एकोणीसशे पन्नास साल उलटून गेल्यानंतरची ही गोष्ट. पिंपरीला तेव्हा नुसता माळ होता आणि रेल्वेच्या रुळांच्या बाजूने कारखान्यांच्या शेडी उभ्या राहत होत्या. मी साताऱ्याकडून आलेला, चिंचवडात भाड्याच्या खोलीत राहणारा, चोवीस वर्षांचा स्टोअर क्लार्क. दोन वर्षं टेक्निकल शाळेत काढली होती, तेवढ्यावर सगळ्या जगाला शहाणपण शिकवायची माझी तयारी होती. आबा मोशीचे गावसुतार. नांगर, बैलगाड्या, दारं-चौकटी करण्यात त्यांचा जन्म गेलेला. पोटापाण्यासाठी उतारवयात आमच्या सुतारशेडमध्ये आले. मोशीहून रोज पायी येत. डोक्याला मुंडासं, आणि कमरेला फडक्यात गुंडाळून खोचलेला गुण्या.

गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन मापायचं हत्यार. आबांचा शिसवीचा होता. त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने केलेला, मूठ हाताच्या तेलाने काळी कुळकुळीत झालेली. "बा गेला तवा जमीन थोरल्याला मिळाली आन् गुण्या मला," आबा सांगत. "थोरला फसला बगा." असं म्हणून हसत. त्या गुण्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. जेवतानासुद्धा तो मांडीवर असे.

कंपनीच्या नव्या क्वार्टर्सना दारं-खिडक्या हव्या होत्या, म्हणून शेडमध्ये खाच पाडायचं मशीन आलं. लोखंडी टेबलाच्या मधोमध फिरणारं पातं, आणि त्याच्यामागे एक उभी पट्टी. पट्टीला टेकवून लाकूड पुढे ढकललं की चौकटीत काच बसवायची खाच पडते. पट्टी टेबलाशी काटकोनात उभी पाहिजे, एवढीच काय ती अट. ती कलली की खाच तिरकी, आणि खाच तिरकी की चौकटीचे कोपरे उघडे. सगळ्यात जुना हात म्हणून मशीन आबांना दिलं.

आणि पट्टी काही गुण्यात राहीना! संध्याकाळी फिटर ती लावून जाई, सकाळी आबा आपला गुण्या टेकवून बघत आणि कपाळावर हात मारत. "रातीत सरकली रांडंची," म्हणत आणि पुन्हा लावत. दिवसभर चौकटी निघत, त्या पलीकडे जोडणाऱ्यांकडे जात, आणि तिकडून बोंब येई की कोपऱ्यात फट पडते. मग पुन्हा फिटर. आबांनी बोल्ट बदलून घेतले, खाली पत्र्याचे तुकडे घातले, सागाची पाचर मारली, टेबलाचे पाय उचलून विटा सारल्या. एक दिवस पट्टीला हळदीकुंकूही वाहून झालं. "लोखंडाला इमान न्हाई बगा भाऊसाहेब," ते मला म्हणाले. "लाकूड एकदा बसलं की बसलं." बोलताना त्यांचे डोळे फार थकलेले दिसले.

सुपरवायझरसाहेबांनी मुदत दिली. येत्या सोमवारपर्यंत चौकटी नीट निघाल्या नाहीत, तर मशीन दुसऱ्याकडे आणि आबा खोक्यांच्या शेडकडे. खोकी म्हणजे मालाच्या पेट्या. फळ्या ठोकायच्या, बस्स. तिथे गुण्या लागत नाही. आबा साहेबांना एवढंच म्हणाले, "व्हय जी." मग जागेवर येऊन गुण्या फडक्याने पुसत बसले, आणि पुसता पुसता त्याची कड पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर धरून बघत राहिले.

मला शंका आली ती त्या पुसण्यावरूनच. दुपारी ते नळावर हात धुवायला गेले. जाताना घाईत गुण्या टेबलावरच राहिला. सरळ कडेच्या फळीला गुण्या लावून मी पेन्सिलीने रेघ मारली, मग गुण्या उलटा करून त्याच ठिकाणाहून दुसरी. गुण्या खरा असेल तर दोन्ही एकावर एक यायला हव्यात. वीतभर वर जाईपर्यंत त्यांच्यात ज्वारीचा दाणा मावेल एवढी फट पडली होती. पट्टी कधी सरकलीच नव्हती! फिटर ती बरोबर लावत होता आणि आबा रोज सकाळी ती बिघडवत होते. गावात हे कधी उघडं पडलं नाही, कारण दार आणि चौकट दोन्ही याच गुण्याने बेतलेली. ती एकमेकांत चपखल बसायची. मी ती फळी भुशात खुपसून टाकली.

आता हे सांगायचं कसं? तुमच्या बापाचा गुण्या खोटा आहे, असं म्हणायचं? स्टोअरमधला नवा पोलादी गुण्या मी मुद्दाम त्यांच्या मशीनवर विसरलो. तासाभरात तो पुसून परत आला. "तुमचा गुण्या ऱ्हायला व्हता. इस्टोरातच ठिवा, उगं गंजंल." दुसऱ्या दिवशी जेवताना मी धीर केला. "आबा, शिसव उन्हापावसानं आक्रसते का हो?" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "माणूस आक्रसतंय, तितं शिसवीचं काय." त्यापुढे विचारायची माझी छाती झाली नाही. वा रे टेक्निकल शाळा!

शनिवारी आबा गावच्या जत्रेला निघाले. जाताना स्टोअरच्या खिडकीशी आले आणि फडक्यासकट गुण्या माझ्यापुढे ठेवला. "जत्रंत गर्दी असती. सोमवारपत्तूर तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. तुमचाच समजा." जेवताना मांडीवरून न उतरणारी वस्तू!

रविवारी दुपारी खोलीचं दार लावून मी काचपेपर घेतला. थोडं घासायचं, रेघा मारायच्या, पुन्हा घासायचं. शेवटी दोन रेघांची एक रेघ झाली. पण गुण्याच्या पात्याच्या कडेचा तो जुना काळा रंग गेला होता आणि खालचं तांबूस लाकूड उघडं पडलं होतं. मी त्याला तेल चोळलं, चुलीची काजळी चोळली. रंग काही परत येईना.

सोमवारी आबांनी गुण्या पट्टीला टेकवला. मग म्हणाले, "बसली." दिवसभर चौकटी निघाल्या, एकही परत आली नाही. फिटरने पेढे मागितले आणि आबांनी दिलेसुद्धा. म्हाताऱ्याला कळलं नाही, असं मी दोन वर्षं धरून चाललो.

गुडघे चालेनात तेव्हा त्यांनी काम सोडलं. शेवटच्या दिवशी खिडकीशी आले, पुन्हा ते फडकं माझ्यापुढे ठेवलं, आणि पहिल्यांदाच मला अरेतुरे करून बोलले.

"रेघा म्या बी मारल्या व्हत्या. तुझ्या आधी. घासायला माझा हात चालंना, म्हनून तुझ्यापाशी ठिवला व्हता."

"आबा, माझं चुकलं का?"

"न्हाई रं. बरुबर केलंस. मशीन ऱ्हायलं माझ्याकडं." त्यांनी त्या तांबूस कडेवरून अंगठा फिरवला. "पर तवापासनं त्यो माझ्या बाचा न्हाई राहिला. हातात घेतला की दुसऱ्याचा वाटतुया. तूच ठेव."

ते मोशीच्या रस्त्याला लागले. खिडकीतून मला दिसत होतं, चालताना त्यांचा हात दोनदा कमरेशी गेला, चाचपडला, आणि रिकामाच खाली आला. हाक मारावी म्हणून मी तोंड उघडलं. पण हाक मारून त्यांना परत द्यायला माझ्याकडे तो जुना गुण्या होता कुठे?