माल कुठून आला?

माझ्या धाकट्या दिरांनी कित्येक वर्षं एकही वस्तू ती कुठून आली हे विचारल्याशिवाय घरात घेतली नाही. देवाने समोर येऊन प्रसाद दिला असता तरी गूळ कुठल्या गुऱ्हाळाचा हे त्यांनी आधी विचारलं असतं. धारूरच्या पेठेत आमचं बियाण्याचं दुकान आहे, आणि त्या धंद्यात ही चौकशी लागतेच. पण भाऊजी ती चहापत्तीची करत, झाडूची करत, पेपरातल्या बातमीचीही करत. एकदा धर्मापुरीचे पाहुणे पेढे घेऊन आले. दूध कुणाचं, म्हैस कुणाची, घरची की विकतची, इथपर्यंत गाडी गेली आणि पाहुण्यांची शेवटची एसटी चुकली. "आता म्हशीचं माहेर बी सांगू का?" पाहुणे वैतागले. भाऊजी शांतपणे म्हणाले, "ठावं असलं तर सांगा की." चार माणसांचा स्वयंपाक मला वाढला.

अशा माणसाला लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारं फुकटचं सॉफ्टवेअर, आवडलं यात नवल नाही. ते आणलं त्यांच्या लेकीनं. एकुलती एक, आई लहानपणीच गेलेली, पोरगी पुण्यात इंजिनिअरिंगला. त्या वर्षांत पेठेत रोज नव्या कंपनीचं काहीतरी येऊन पडत होतं; आमच्या गल्ल्याशेजारी तिनं आणलेला जुना कॉम्प्युटर येऊन बसला. "पप्पा, या फायलीत पत्ते लिहायचे," तिनं सांगितलं. "मशीन त्या पत्त्यावर जाऊन नवीन काय आलंय ते विचारतं आणि दुरुस्त्या घेऊन येतं. दुसरीकडचं काही घेत नाही." भाऊजी खूष. "म्हंजे हे माझ्यावानीच हाय की!" फायलीत तिनं एकच पत्ता घातला, तिच्या कॉलेजच्या मशीनचा. परदेशातून येणारं सॉफ्टवेअर त्या मशीनवर उतरवून ठेवायची व्यवस्था तिच्याकडेच होती.

झालं. रोज सकाळी दुकान उघडलं की भाऊजी देवाला आणि कॉम्प्युटरला एकच उदबत्ती ओवाळत आणि इंटरनेट लावत. ते फोनच्याच तारेवरून येई, तोवर दुकानाचा फोन बंद. शेजारचा कापडवाला दारात उभा राही. "भाऊ, सोलापूरला एक फोन करू द्या, कापडाच्या गाठी अडकल्यात माझ्या."

"थांब बे, माझ्या पोरीचा माल यायलाय."

"कवाधरनं यायलाय!"

"लांबून यायलाय."

त्या मालात आमच्या उपयोगाचं थोडंच असे. एकदा आवाजाच्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती आली. आमच्या मशीनला स्पीकरच नव्हता. मी म्हटलं, कशाला घेता? म्हणाले, "पोरीनं धाडलंय वैनी, वापस कसं करावं?"

तिसऱ्या वर्षाला असताना तिला होस्टेलात कावीळ झाली. परीक्षा होती म्हणून तिनं अंगावर काढली, आणि गेली. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

तेराव्यानंतर दुकान उघडलं. भाऊजींनी उदबत्ती लावली नाही, पण मशीन लावलं. थोड्या वेळानं मला हाक मारली. "वैनी, माल आला की." खोटा धीर देणं मला जमत नाही. मी म्हटलं, "भाऊजी, ते तिकडचं मशीन आपोआप आणून ठेवतं."

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "पण लावून तिनंच दिलंय ना?"

 पुढं कितीतरी महिने माल येत राहिला. कापडवाला दारापर्यंत येई आणि फोन न मागताच परत फिरे.

मग एका सकाळी पडद्यावर उत्तर आलं, मागितलेलं या पत्त्यावर नाही. आमचं लिनक्स जुनं झालं होतं, कॉलेजनं ते आपल्या मशीनवरून काढून टाकलं होतं. भाऊजी रोज लावत, रोज तेच उत्तर वाचत, आणि मशीन बंद करत. अशात पेरणी तोंडावर आली. पावत्या छापायचा जुना प्रिंटर बिघडला, आणि नव्या प्रिंटरला लागणारं सॉफ्टवेअर आमच्याकडे नव्हतं. पावतीसाठी गिऱ्हाइकांची रांग लागली. मी कॉलेजात फोन केला. तिथला मुलगा म्हणाला, "काकू, जुना माल आता दुसरीकडे ठेवतात. फायलीत नवा पत्ता घाला."

भाऊजी म्हणाले, "तिनं लिहिलेलं मी पुसणार न्हाई. हातानं पावत्या फाडू."

"पुसायचं नाहीच," मी म्हटलं. मुलानं सांगितलं होतं तसं सांगितलं. ओळीच्या सुरुवातीला फुलीगोळ्याच्या खेळातल्या चौकटीसारखी खूण द्यायची. मग मशीन ती ओळ वाचत नाही, पण ओळ जागेवर राहते. "तुम्ही देता का मी देऊ?"

"मशीन वाचत न्हाई, मग ठिवतेत कावून?"

"माणसांना वाचायला," मी म्हटलं.

त्यांनी खूण दिली. खाली नवा पत्ता मी सांगितला, त्यांनी एका बोटानं टाइप केला. बराच वेळ लागला, पण माल आला, प्रिंटर चालला, रांग हलली. तो नवा पत्ता कुठला, कुणाचा, हे भाऊजींनी विचारलं नाही.

त्यानंतर त्यांनी कशाचंच विचारलं नाही. चहापत्तीचं नाही, झाडूचं नाही. दिवाळीनंतर धर्मापुरीचे पाहुणे पेढे घेऊन आले; या वेळी म्हशीच्या माहेरापर्यंतची सगळी माहिती घेऊनच आले असावेत. भाऊजींनी पेढा उचलला आणि मुकाट्यानं तोंडात टाकला. पाहुणे माझ्याकडे बघायला लागले. शेवटी पदराला हात पुसत मीच विचारलं, "दूध कुणाच्या म्हशीचं म्हणायचं?"