काशिनाथला विकलेले शॉकअप

काशिनाथला मी खोटं सांगितलं होतं. अकरा वर्षांपूर्वी, त्याच्याच गॅरेजमध्ये, दिवसाउजेडी. त्याने विचारलं, "पडलीय का ही कदी?" आणि मी म्हणालो, "नाही." हे आधी लिहून टाकतो, कारण त्याच्याविषयी चार शब्द लिहायला बसलो की हात तिथेच येऊन अडतो...

गेल्या महिन्यात त्याचा मेहुणा रामदास आमच्या खोपोलीच्या कारखान्याच्या फाटकावर आला. शर्ट घामाने भिजलेला. "मधूभाऊ, दाजी गेले," एवढंच बोलला. अशा वेळी माणूस "कसे?" म्हणतो, "कधी?" म्हणतो. माझ्या तोंडून शब्द निघाला तो "गाडीवर?" रामदास माझ्याकडे बघतच राहिला. "नाय वो... जेवून खाटेवर आडवे झाले व्हते. ताई चहाला उठवाया गेली, तर उठलेच नायत." आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. वीस वर्षांपासूनचा मित्र गेल्याचं ऐकून मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मी त्याच्या घरापर्यंत, तिथून ओढ्याकाठच्या स्मशानापर्यंत सोबत नेलं, आणि कुणाला दिसू नये म्हणून मान खाली घालून उभा राहिलो. लोकांना वाटलं, मध्या फार खचलाय.

काशिनाथ मूळचा लोधिवलीचा, भातशेतीवाल्या घरातला. कुंभिवलीला हायवेच्या कडेला त्याचं गॅरेज, म्हणजे एक पत्र्याची शेड होती. लावणीच्या दिवसांत शेडला कुलूप असायचं, आणि गिऱ्हाईक शिव्या देत बांधापर्यंत त्याला शोधत जायचं. चिखलात उभा राहूनच तो विचारायचा, "आवाज कसा येतो? टकटक का खरखर?" आणि तिथूनच सांगायचा की गाडीला काय झालंय. दुरुस्त केलेली गाडी तो तशीच कुणाच्या हातात देत नसे. आधी स्वतः बसून रस्त्यावरच्या पुढच्या मोरीच्या पुलापर्यंत जोरात जाऊन यायचा, तिथे करकचून ब्रेक मारायचा. "मोडायचं आसंल तर माज्याखाली मोडू दे," म्हणायचा. हसत म्हणायचा, पण ज्या दिवशी अंगात ताप होता त्या दिवशीही तो गेला होता, हे मी पाहिलंय.

त्याच्या शेडमध्ये टेबलावर एक जाड काच होती, कुठल्याशा दुकानाच्या कपाटाची. मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपच्या, म्हणजे पुढचं चाक धरून धक्के सोसणाऱ्या दांड्यांच्या, नळ्या काढल्या की तो त्या काचेवर लोळवून बघायचा. नळी जरा जरी वाकडी असली तरी काच आणि नळी यांच्यामध्ये उजेडाची रेघ दिसते. मला हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी म्हणालो, "म्हणजे काच कळवते तर सगळं." त्याने मान हलवली. "वाकडं आसंल तर कळवते. वाकलेली दाबून सरळ केली, तर काचेला काय म्हाईत? पन ती नळी मंग त्याच जागी मोडते, आनि सांगून मोडत नाय. ते मानसालाच इचारायला लागतं." म्हणून जुना पार्ट विकायला आलेल्या प्रत्येकाला तो एकच प्रश्न विचारायचा: गाडी पडलीय का? समोरच्याने जे सांगितलं ते त्याच्यासाठी खरं. महामार्गावरच्या त्या शेडमध्ये निम्मा धंदा या एका प्रश्नावर चालायचा, आणि माझ्या माहितीत त्या प्रश्नाला कुणी खोटं उत्तर दिलं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी मी तिशीत होतो, लग्न झालं नव्हतं, आणि डोक्यात पुण्याकडच्या, मातीच्या डर्ट ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतींचं वेड होतं. काशिनाथची आणि माझी गाडी एकाच बनावटीची. त्याची कामाची, माझी मिरवायची. हेडलाइट काढून, मडगार्ड उंच करून मी ती भातकापणी झालेल्या खाचरांतून उडवायचो. काशिनाथने बजावलं होतं, "मध्या, ह्ये शॉकअप दूध आनायला जायचे हायेत. बांधावरनं उडी मारशील तर नळ्या वाकतील. आदी शॉकअप बदल, मंग काय तो माकडपना कर." मी बदलण्याआधीच उडी मारली. पुढचं चाक पलीकडच्या बांधावर आदळलं, मी कोरड्या ढेकळांत तोंडावर पडलो, आणि दोन्ही नळ्या मागे इंजिनाकडे वाकल्या. कुणी पाहिलं नव्हतं. काशिनाथचं "बोललो व्हतो ना" ऐकायची माझी तयारी नव्हती. रविवारी कारखान्यात कुणी नसताना मी त्या नळ्या प्रेसवर दाबून सरळ केल्या, बारीक पॉलिश पेपरने घासल्या, परत बसवल्या. हाताला चांगलं काम होतं. त्याचा मला अभिमानसुद्धा वाटला.

पुढे दोन महिन्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारात परदेशी शर्यतीच्या गाडीचे लांब, दणकट शॉकअप मिळाले. काशिनाथनेच ते माझ्या गाडीला बसवून दिले. दिवसभर खपला, मापात बसावेत म्हणून बुशच्या कड्या कापल्या, हाताला जखम करून घेतली. संध्याकाळी माझे जुने शॉकअप, नळ्या, स्प्रिंगा, वरची पत्र्याची टोपणं, सगळं गोणपाटावर पडलं होतं. मी ते पनवेलकडच्या एका दुकानदाराला विकायचं ठरवलं होतं. तो पुढे कुणाला विकेल याचा विचार केला नव्हता. अनोळखी माणसाच्या जिवाची मला काळजी वाटली नाही, हेही इथे लिहितो. पण काशिनाथने गोणपाटाजवळ उकिडवं बसून एक नळी उचलली. "इकनार हायेस ना? मंग मलाच दे. माज्या नळ्यांना गंज चढलाय, निस्तं तेल गळतं." नळी काचेवर लोळवली. उजेडाची रेघ दिसली नाही. "मस्त हायेत रं. पडलीय का ही कदी?"

मी "हो" म्हणू शकलो असतो. तो चिडला असता, दोन शिव्या देऊन हसला असता, शेडवर येणाऱ्या प्रत्येकाला आठवडाभर ती गोष्ट सांगितली असती. बस, इतकंच झालं असतं. त्या हसण्याला भिऊन मी "नाही" म्हणालो. दुसऱ्या दिवशी ते शॉकअप त्याच्या गाडीला लागले.

आठवड्याभराने कारखान्यात एक ढकलगाडी मोडली. तिचा दांडा मागे कधीतरी वाकला होता आणि मीच तो त्याच प्रेसवर सरळ केला होता. माझ्या डोळ्यांदेखत कट्‌ असा आवाज झाला आणि दांडा जिथे सरळ केला होता नेमका तिथेच तुटला. ओझं बाजूला कलंडलं, कुणाला लागलं नाही. बाकीचे हसत होते. मला घाम फुटला होता. त्या दिवसापासून माझ्यात जी भीती शिरली ती अकरा वर्षं गेली नाही. त्या गाडीवर काशिनाथ एकटा नसायचा. मागे सुमन वहिनी असायच्या, पुढे त्यांच्या मांडीवर पोरही. बाजार, दवाखाना, माहेर, सगळं त्याच गाडीवर. हायवेवर गर्दी दिसली की मी सायकल टाकून पळत जायचो आणि खाली पडलेल्या गाडीचा रंग बघायचो. कारखान्यात माझ्या नावाने फोन आला की आधी दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला सांगायचो. वहिनी लांबून हात करायच्या, "भावजी, येताय का घरी?" आणि मी त्यांच्याकडे न बघता पुढच्या चाकाकडे बघायचो.

एकदा धीर करून गेलो. म्हणालो, "काशिनाथ, ते शॉकअप मला परत दे. मी तुला नवे आणून देतो." तो पोट धरून हसला. वहिनींना हाक मारून म्हणाला, "ऐकलंस का गं? ह्यो आहेर केलेली भांडी परत मागाया आलाय!" मी म्हणालो, "अरे, मस्करी नाही." तर म्हणतो, "का रं, तुजे ते इलायती बसके निघाले वाटतं? म्हनून माजे आवडाया लागले?" त्या हसण्यात मीही हसलो. तिथे खरं बोलायला फक्त एक वाक्य लागणार होतं... ते मी घशाखाली घातलं आणि वहिनींनी दिलेला चहा प्यायलो.

आणि घाटातला तो रविवार. बोरघाटात एक ट्रक बंद पडला होता, काशिनाथला बोलावणं आलं. "चल रं मध्या, एक हात जास्तीचा लागंल." नाही म्हणायला कारण सुचेना. वर जाताना विशेष काही वाटलं नाही. काम आटपून भर दुपारी उतरायला लागलो, तेव्हा कळलं मी कशावर बसलोय. प्रत्येक वळणावर तो ब्रेक दाबायचा आणि गाडीचं नाक खाली जायचं. सगळा भार त्या दोन नळ्यांवर. मी त्याच्या खांद्यावरून वाकून बघायचो. टोपणांखाली नळ्या दिसत नव्हत्या. उजवीकडे दरी. काशिनाथ काहीतरी गुणगुणत होता. तिसऱ्या का चौथ्या वळणावर माझ्याच्याने राहवेना. ओरडलो, "थांबव!" त्याने कडेला घेतली. "काय झालं रं?" मी म्हणालो, "पोटात कळ आली. तू हो पुढे. मी येतो ट्रकने." तो हसून म्हणाला, "बांधावरनं उड्या मारनारा तू, आनि घाटात तुजं पोट धरतं व्हय?" आणि निघून गेला.

मी उतरलो. त्याला उतरवलं नाही.

वळणाआड गाडीचा आवाज गेला आणि मी दगडावर बसून कान देऊन ऐकत राहिलो. कट्‌ असा आवाज येतो का. कुणी ओरडतं का. मग ट्रकची वाट न बघता पायीच निघालो आणि प्रत्येक वळणावर कठड्यावरून खाली डोकावत उतरलो. खोपोलीच्या नाक्यावर पोचलो तेव्हा शर्ट अंगाला चिकटला होता. काशिनाथ गाडीला टेकून उभा होता, हातात सोड्याची बाटली. "कवाचा थांबलोय तुज्यासाटी. घे, पी. पोटाला बरं वाटंल." त्या सोड्याची चव अजून जिभेवर आहे. त्या महिन्यात मी शर्यतीची गाडी विकून टाकली. घेणाऱ्याला ती किती वेळा पडली, कुठे पडली, सगळं सांगितलं. माणसाला कंटाळा येईपर्यंत सांगितलं. ज्याला सांगायला हवं होतं त्याला मात्र नाही. पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर ते खोटं नुसती एक चूक ठरलं असतं. पहिल्या वर्षानंतर ती चूक राहिली नव्हती, आणि तिला नाव काय द्यावं ते कळत नव्हतं, म्हणून मी गप्प राहिलो. नळ्या मोडल्या नाहीत. ते माझं पुण्य नव्हे.

तेराव्यानंतर चार दिवसांनी वहिनींनी बोलावलं. अंगणात गाडी पुसून उभी होती, किल्ली रामदासच्या हातात. त्याला खोपोलीला कामावर जायला गाडी हवी होती. "भावजी, तुमी एकदा हात फिरवून द्या," वहिनी म्हणाल्या. "आता तुमच्यावरच भरवसा." मला लगेच वाट दिसली. दुरुस्तीच्या नावाने गाडी न्यायची, शॉकअप बदलायचे, जुने विहिरीत टाकायचे. कुणाला काही कळणार नव्हतं. मी "नेतो" म्हणून हँडलला हातसुद्धा घातला. तेवढ्यात त्या रामदासला म्हणाल्या, "ह्ये पुडचे शॉकअप भावजींनीच दिलेले. आमचे ह्ये सांगायचे सगळ्यांना, मध्याच्या हातचे हायेत, डोळे झाकून जावा."

मी हँडल सोडलं. अंगणातच उभ्याने सगळं सांगितलं. बांध, प्रेस, काचेवरचं "नाही", घाटातली पोटातली कळ, अकरा वर्षांची भीती. रामदासने किल्ली तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली आणि तो चार पावलं मागे सरला. वहिनी गाडीकडे वळल्या.

"पोर सव्वा म्हयन्याची व्हती तवा ह्याच गाडीवरनं आनली माहेरावरनं," त्या म्हणाल्या. "तुमी आलेले व्हते बगायला."

"हो."

"तवा तुमाला म्हाईत व्हतं."

"हो."

"मंग ह्यांना का नाय सांगितलंत? भ्या वाटलं म्हनता. कसलं भ्या, भावजी? आमी मरू म्हनून, का आमाला कळंल म्हनून?"

अकरा वर्षं मी स्वतःला पहिलं उत्तर देत आलो होतो. त्यांच्यासमोर ते देता येईना.

"कळेल म्हणून," मी म्हणालो.

त्या आत गेल्या. आतून काशिनाथचा पान्यांचा डबा आणून माझ्या पायाशी ठेवला आणि पायरीवर बसल्या. मी त्यांच्यासमोरच शॉकअप काढले, नळ्या वेगळ्या केल्या, आणि जिथे वाकल्या होत्या ती जागा बोटाने दाखवली. त्यांनीही तिथे बोट ठेवून पाहिलं. हे सगळं छापायला देऊ का, असं मी त्यांना नंतर विचारलं, आणि "द्या, पन काय मागं ठेवू नका" असं त्या म्हणाल्या, म्हणून लिहिलं. त्यांनी मला माफ केलं का, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्या दिवशी अंगणात मी तेलाने माखलेले हात तसेच जोडले आणि जे काशिनाथला म्हणायला हवं होतं ते त्यांना म्हणालो:

"वहिनी, मी काशिनाथशी खोटं बोललो, आणि तुम्हाला आणि पोरीला त्या खोट्यावर बसू दिलं. घाटात मी माझा जीव वाचवला, त्याचा नाही. माझं चुकलं. मला माफ करा."