कॉलेजचा मुराळी

मोटेच्या थारोळ्यात गाळ साचतो ना, तसे वसतिगृहात किस्से साचतात. कोणी मुद्दाम आणून टाकत नाही. पाणी वाहून जातं, गाळ राहतो. आमच्या महिला मंडळात चार जणी बसल्या की कोणीतरी म्हणतंच, "अक्का, तुमच्या पोरींचं सांगा ना काही." मग मी सांगत बसते. आज लिहूनच काढते.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं होती. जळगावला कॉलेज निघालं, आणि खेड्यातल्या मुलींसाठी एका भाड्याच्या घरात वसतिगृहही निघालं. त्याची देखरेख माझ्याकडे आली. मी मॅट्रिक झालेली, शिवणाचा वर्ग चालवणारी बाई. कॉलेज कसं असतं ते मी बाहेरूनच पाहिलेलं! पण मुली म्हटल्यावर मला भीती वाटली नाही.

पहिली दोन वर्षं एकच गोष्ट झाली. जूनमध्ये पोरी पत्र्याच्या ट्रंका घेऊन यायच्या. दिवाळीला घरी जायच्या. आणि परत यायच्याच नाहीत. परीक्षेपर्यंत एकही टिकायची नाही.

संस्थेच्या अध्यक्षांना सगळे नाना म्हणत. ते तिसऱ्या जूनमध्ये वसतिगृहात आले, रिकाम्या पलंगांकडे बघत म्हणाले, "अक्का, हे पलंग पोरींसाठी आणले की ढेकणांसाठी?"

मुलांच्या वसतिगृहात जागा पुरत नव्हती, हे मलाही दिसत होतं. नानांनी सरळ सांगितलं, या वर्षी खेड्यातली एक तरी मुलगी वार्षिक परीक्षेला बसली तर ठीक, नाहीतर हे घर मुलांना.

मी म्हटलं, "बसेल."

नाना हसले. "कोण?"

ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण बसेल, हे ठाऊक होतं.

* * *

त्याच आठवड्यात रावेरकडून सुभद्रा आली. वडील केळीवाले शेतकरी, त्यांना गाव आबा म्हणे. गावातली मॅट्रिक झालेली ही पहिली मुलगी.

आबा आत आले ते थेट विहिरीवर गेले. पोहरा टाकून पाणी काढलं, चूळ भरली. मग भिंती पाहिल्या. शेजार कोणाचा ते विचारलं. घरात कर्तीसवरती बाई कोण, ते विचारलं. मी म्हटलं, मीच. त्यांनी मला नीट पाहून घेतलं.

देव सर म्हणून आमचे एक तरुण प्रोफेसर होते, नुकतेच पुण्याहून आलेले. त्यांना वाटलं, पालकांना अभ्यासक्रमाची माहिती द्यावी. त्यांनी इतिहास, तर्कशास्त्र, इंग्रजी असं बराच वेळ समजावून सांगितलं. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ते ठीक हाय," ते म्हणाले. "पन पोरीले भाजी निवडाले लावता का नाही?"

मी म्हटलं, पाळीपाळीने लावते.

"मंग ठेवतो."

* * *

देव सरांच्या मनात फार होतं हो! विद्यार्थी कुठून येतात, त्यांची पार्श्वभूमी काय, शिक्षणाकडून अपेक्षा काय, आणि ते सोडून का जातात, याचा शास्त्रशुद्ध अभ्यास करायचा असं त्यांनी ठरवलं होतं. एका रविवारी मुलींना सतरंजीवर बसवून त्यांनी प्रश्न विचारला, "कॉलेजकडून तुमच्या अपेक्षा काय?"

सगळ्या एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या. शेवटी चाळीसगावची एक मुलगी बोलली. तिचे वडील रेल्वेत सांधेवाले. ती म्हणाली, "सर, मला बसून वाचायचंय. घरी मी पुस्तक उघडलं की कोणाला तरी पाणी लागतं."

सरांनी ते लिहून घेतलं आणि सुभद्राकडे वळले. तिने उलट विचारलं.

"सर, कॉलेजची आमच्याकडून काय अपेक्षा आहे, ते आधी सांगाल का? म्हणजे घरी कळवता येईल."

सरांनी पेनाचं टोपण लावलं. म्हणाले, "पुढच्या रविवारी सांगतो."

* * *

पिंपळनेरकडची एक मुलगी पहिल्या पंधरवड्यातच सुकायला लागली. ताटावर बसायची, दोन घास खायची, उठायची. सर म्हणाले, अभ्यासाचा ताण असेल. डॉक्टर म्हणाले, हवापालट मानवला नाही. तिचा भाऊ न्यायला आला, ट्रंक बांधून तयार!

मी म्हटलं, दादा, जेवून तर जा. आमची स्वयंपाकीण घाटावरची. तिने त्याला पोळी वाढली, आमटी वाढली. त्याने आमटीचा भुरका मारला आणि वाटी खाली ठेवली.

"दायमा गुळ?" तो बहिणीकडे बघून म्हणाला. "आम्ही चहामा बी इतला टाकतस नही."

डाळीत गूळ! पोरगी पंधरा दिवस लाजेने काही बोलली नव्हती. मी पदर खोचून चुलीपुढे बसले. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि वर कच्चं तेल, एवढंच केलं. भाऊ जेवला. बहीण त्याच्याहून जास्त जेवली.

जाताना त्याने ट्रंक बांधायची दोरी तेवढी परत नेली. ट्रंक राहिली!

* * *

मग आली दिवाळी. मुली घरी गेल्या. सुट्टी संपली. पलंग पुन्हा रिकामे.

ऑफिसातून छापील कार्डं गेली. सत्र सुरू झाले आहे, ताबडतोब हजर व्हावे, अन्यथा नाव कमी करण्यात येईल. एकही आली नाही. नानांनी घराची मापं घ्यायला सुतार पाठवला.

देव सर फार खट्टू झाले. म्हणाले, "अक्का, यांना शिक्षणाची आस्थाच नाही. मूळ कारण हेच."

मी म्हटलं, असेलही. पण विचारून तर बघू. दुसऱ्या दिवशी रावेरची गाडी धरली.

सुभद्राच्या गावात बैलगाडीतून उतरले, तर ती ओसरीवरच बसलेली. जवळ ट्रंक, ट्रंकेवर घडी घातलेलं लुगडं, पायात चपला. मला वाटलं, कुठे लग्नाला निघाली की काय! मला पाहिल्यावर रडायलाच लागली.

तिची आई आतून आली, मला पाणी दिलं आणि म्हणाली, "आम्ही तं वाटच पायत होतो अक्का. पोरीनं पाडव्यापासून ट्रंक भरून ठेवेल हाय. पन न्याले कोनी आलंच नाही."

मी विचारलं, कॉलेजचं कार्ड नाही का मिळालं?

"मियालं ना. दोनदा वाचून घेतलं." ती माझ्याकडे नवलाने पाहत राहिली. "कार्डानं काय पोर नेतेत का व माय? ज्या घरी ती राह्यते त्या घरचं मानूस याले पायजे. आपन होऊन पोचवली तं लोक म्हनतीन, यांले पोर जड झाली."

आपल्याकडे लेकीला आणायला माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. दिवाळी असो, अक्षय्यतृतीयेची आखाजी असो, मुराळी आल्याशिवाय लेक उंबरा ओलांडत नाही. आम्ही मुराळी पाठवायचा सोडून धमकीचं कार्ड पाठवलं होतं!

मी आबांना म्हटलं, मीच मुराळी. पोरीला न्यायला आलेय.

आबांनी पटका बांधला आणि गाडी जुंपायला सांगितली. सुभद्राच्या आईने माझी ओटी भरली. पुढे काहीच बोलावं लागलं नाही.

* * *

परत येऊन मी प्रिन्सिपॉलसाहेबांकडे गेले. म्हटलं, प्रत्येक घरी माणूस पाठवा.

साहेब म्हणाले, "अक्का, कॉलेज म्हणजे काय सासर आहे?"

"नाही साहेब. पण ती माणसं पाठवतात ती लेकच ना?"

साहेबांनी चष्मा पुसला आणि शिपाई धोंडूभाऊंना बोलावलं.

धोंडूभाऊ उंचेपुरे, मिश्या पांढऱ्या, लाल पागोटं. गावोगाव हिंडले. चाळीसगावच्या मुलीला आणलं, पिंपळनेरच्या मुलीला आणलं. जिथे जातील तिथे पुरणपोळी. एका मुलीच्या घरी तर तिला उशिरा पाठवतो म्हणून त्यांना दोन दिवस ठेवून घेतलं, आणि त्यांनीही फारसा विरोध केला नाही! परत आले तेव्हा युनिफॉर्मच्या कोटाची बटणं लागेनात.

एका पाटलांच्या घरून मात्र ते हात हलवत आले. पाटील म्हणाले होते, "आमची पोर न्यायला शिपाई?"

मग जायचं कोणी? मी देव सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "अक्का, मी समाजशास्त्र वाचलेलं आहे, असलं काही केलेलं नाही." मी धोंडूभाऊंचं पागोटं त्यांच्या डोक्यावर ठेवलं. टाय तसाच राहिला.

तिसऱ्या दिवशी सर परत आले. पुढे मुलगी, मागे सर. कपाळाला कुंकू, काखेत नारळ, खांद्यावर केळीचा घड. मी विचारलं, कसं काय झालं?

सर नारळ खाली ठेवत म्हणाले, "मला पाटावर बसवून ओवाळलं, अक्का."

पुढच्या सुट्टीला, कोण जाणार असं विचारायच्या आधीच त्यांनी पागोटं मागून घेतलं.

* * *

सगळं असं मार्गी लागलं, आणि माघात सुभद्राचं लग्न ठरलं! स्थळ फैजपूरकडचं, घर खाऊनपिऊन सुखी. आबा पत्रिका घेऊन आले तेव्हा त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं होतं. म्हणाले, अक्का, असं स्थळ पुन्हा येत नाही.

लग्न झालं, सुभद्रा सासरी गेली. बाकीच्या मुलींची घरं डळमळायला लागली. एक गेली की मागे दुसरी जाते, हे मी दोन वर्षं पाहिलं होतं. नाना म्हणाले, "बघा, गेली तुमची." परीक्षा चैत्रात होती.

फाल्गुनात मी फैजपूरची वाट धरली.

सुभद्राची सासू अंगणात बिबडे थापत होती. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापडच. वर्षाचे एकदम करून ठेवतात. खाटेवर धोतर अंथरलेलं आणि आळीतल्या सगळ्या बाया जमलेल्या. सुभद्रा पातेलं ढवळत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

सासूबाईंनी मला बाजूला नेऊन सांगितलं, "माहेरचा मुराळी एकडाव येऊन गेला. आता आखाजीलेच. एका पोरीले दोन माहेर नसतेत, बाई."

बोलणं खरं होतं. पण परत जायचं असं मनात येईना. मी हात धुतले, बायांच्या रांगेत बसले आणि बिबडे थापायला लागले. सासूबाई बघत राहिल्या. थापणाऱ्या बाईला कोण उठवणार?

ऊन चढलं. दुसरी खाट भरली, तिसरी भरली. सासूबाई माझे बिबडे उचलून बघायच्या, पण नाव ठेवायला जागा सापडेना. मग शेजारची एक म्हातारी आली. माझ्याकडे बोट करून तिने मोठ्याने विचारलं, "ही पाव्हनी कोन व?"

सगळ्या बायांचे हात थांबले. सुभद्राचा पळीवरचा हातही थांबला. परीक्षेचं सांगावं, तर अर्ध्या गावात चर्चा. ओळखीची नाही म्हणावं, तर सकाळपासून घरात राबतेय.

सासूबाईंनी हातातला बिबडा शांतपणे थापून पुरा केला.

"सूनबाईच्या माहेरची," त्या म्हणाल्या. "न्याले आली."

म्हातारी म्हणाली, मग अजून ही पोर चुलीपाशी काय करते? तिला वेणीफणी करू द्या की!

संध्याकाळच्या गाडीत आम्ही दोघी बसलो. सासूबाईंनी ओले, अर्धे वाळलेले बिबडे फडक्यात बांधून दिले. म्हणाल्या, "तिकडं वायवजा. रिकाम्या हातानं धाडली म्हनतीन."

परीक्षेपर्यंत महिनाभर आमच्या गच्चीवर बिबडे वाळत होते. चाळीसगावची, पिंपळनेरची, पाटलांची, सगळ्या मुली राखणीला बसून तिथेच अभ्यास करत होत्या. परीक्षेला सगळ्या बसल्या.

* * *

तरी नाना जूनमध्ये आलेच. मला म्हणाले, "अक्का, एक वर्ष झालं म्हणून दरवर्षी होईल असं नाही. मुली येतात का बघू. नाही आल्या तर सुतार उद्याच येतोय."

ते व्हरांड्यात टोपी सारखी करत उभे होते. धोतर पांढरंशुभ्र, पायात करकरीत जोडे. मी दाराकडे बघत राहिले.

फाटकाशी बैलगाडी थांबली. आधी सुभद्रा उतरली, पास झालेली. मागून तिची सासू. आणि सासूच्या मागून परकर-पोलक्यातली, नुकती मॅट्रिक झालेली तिची स्वतःची लेक.

सासूबाई आधी विहिरीवर गेल्या, पाणी चाखून आल्या. मग व्हरांड्यात येऊन त्यांनी नानांना पागोट्याऐवजी टोपी का, अशा नजरेने खालीवर पाहिलं.

"तुम्हीच का हितले मुराळी? आम्ही वाट पायत बसलो. मंग म्हटलं, या डाव आपनच पोचवू, पन दिवायीनंतर वखतावर येजा." लेकीची ट्रंक त्यांनी पुढे केली. "धरा. जपून, तिच्यात लोनचं हाय."

मी तोंड उघडणार, तोच सुभद्राने माझा पदर ओढला.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग रिकाम्या खोल्यांकडे पाहिलं. मग वाकून ट्रंक उचलली आणि मला विचारलं,

"कोणत्या खोलीत ठेवू?"