आत्याचा वर्ग

जगातला कुठलाही माणूस 'इतर' या रकान्यात बसत नाही, असं मनापासून मानणारी एकच व्यक्ती मला आजवर भेटली आणि ती माझी धाकटी आत्या निघाली. एवढंच असतं तर चाललं असतं, पण ती माझ्या वर्गातही होती. बारावीनंतर मी आरोग्य माहिती तंत्रज्ञानाच्या डिप्लोमाला प्रवेश घेतला. पहिल्या दिवशी वर्गात शिरलो तर पहिल्या बाकावर पदर खोचून, वहीला खाकी कव्हर घालून आत्या बसलेली. राजुरीत तिनं कितीतरी वर्षं आशाताई म्हणून काम केलं होतं. मला बघून तिनं फक्त शेजारची जागा हातानं पुसली. पुढची दोन वर्षं मी तिथून हललो नाही.

ती रोज सगळ्यांच्या आधी यायची आणि स्वतःचाच नव्हे, तर ओळीतला प्रत्येक कीबोर्ड पुसून ठेवायची. टाइप करायची एका बोटानं, पण ते बोट असं खाली यायचं, की अक्षर पुन्हा उठून पळून जाईल की काय अशी तिला शंका असावी. इंग्रजी शब्द ती वहीत मराठी अक्षरांत लिहायची आणि एसटीत उभ्यानं पाठ करायची. एकदा नारायणगावपर्यंत ती 'हायपरटेन्शन' पुटपुटत होती, तेव्हा शेजारच्या बाईनं तिला बसायला जागा दिली. बाईला वाटलं, हिला काहीतरी होतंय.

सर तिच्याहून वयानं बरेच लहान. रुग्णाची नोंद शिकवताना एकदा व्यवसायाची यादी आली. आत्यानं ती वरून खाली दोनदा वाचली आणि मेंढपाळ कुठं लिहायचा, असं विचारलं. सरांनी 'इतर' निवडायला सांगितलं. ती उभी राहिली.

"सर, मेंढरामागं चार-चार महिनं रानात ऱ्हानाऱ्याला खोकला झाला, तर ह्ये 'इतर' डाक्टरला काय सांगनार?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी आमच्या सरावाच्या यादीत 'मेंढपाळ' आला.

या वयात हे कशाला, असं तिला सगळे विचारत. मी मात्र विचारलं नव्हतं, कारण मला ठाऊक आहे असं मला वाटायचं. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, आदल्या वर्षी कांद्याच्या रानात कोसळले होते. दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांची शुद्ध गेली. डॉक्टरांनी आत्याला विचारलं, गोळ्या कोणत्या चालू आहेत? दुपारपर्यंत मामा गेले. त्यात कुणाची चूक नव्हती, डॉक्टरही तसंच म्हणाले. एवढंच मला माहीत होतं. उरलेलं तिनं एकदा डबा खाताना, भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगितलं.

"साऱ्या गावाचं मला तोंडपाठ व्हतं. कुनाला साखर, कुनाचा कितवा म्हैना. आन घरच्या मानसाचं इचारलं, तर मी म्हनले, येक पांढरी, येक गुलाबी."

तिनं लोणच्याची फोड माझ्या डब्यात टाकली आणि पुढचा तास कशाचा आहे, ते विचारलं.

दुसऱ्या वर्षी आम्हाला प्रशिक्षणासाठी एका दवाखान्यात पाठवलं. जुन्या कागदी फायली संगणकात चढवायच्या होत्या. एका सकाळी माझ्यापुढे हौसाबाई नावाच्या दोन नोंदी आल्या, एक जुन्या फायलीतली, दुसरी त्याच दिवशी आलेल्या बाईंची. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव सारखं, वय जवळपास सारखं, गाव अवसरी. संगणकानं विचारलं, एकच रुग्ण आहे का? मी जुनी नोंद रद्द करून नवी ठेवणार होतो. जेवणाची वेळ झाली होती आणि मला भूक लागली होती. आत्यानं माझा हात धरला.

"बुद्रुक का खुर्द?"

फायलीत ते लिहिलेलं नव्हतं. ती उठली, बाहेर बाकावर पट्टी बदलायला बसलेल्या हौसाबाईंजवळ गेली आणि गाव, माहेर, मुलं असं सगळं विचारून आली. या खुर्दच्या होत्या. जुनी फाईल बुद्रुकच्या दुसऱ्या हौसाबाईंची होती, आणि तिच्या आतल्या पानावर लाल शाईनं लिहिलं होतं, की एका नेहमीच्या इंजेक्शनानं त्या बाईंचा श्वास कोंडतो. ते पान मी उलटलंच नव्हतं. आत्या मला एका शब्दानं रागावली नाही. तिनं दोन्ही नोंदींपुढे गाव पुरतं लिहिलं, एका बोटानं, आणि मग म्हणाली, "चल, जेवू."

परीक्षेत ती एका विषयात नापास झाली, पुन्हा बसली आणि सुटली. मला पुण्यात एका कंपनीत नोकरी लागली. तिथं माझ्यापुढे दिवसभर नोंदी येतात. त्यांची नावं झाकलेली असतात, तसा नियमच आहे आणि तो योग्यही आहे. आत्या आता मंचरजवळच्या एका लहान दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. तिच्या खिडकीपुढची रांग तालुक्यात सर्वांत सावकाश सरकते, असं लोक म्हणतात. कुरकुर करतात, आणि शेजारची खिडकी मोकळी असली तरी तिच्याच रांगेत उभे राहतात.

मागच्या महिन्यात गावी जाताना तिला भेटायला तिथं उतरलो. कामाच्या वेळी ती पाहुणा ओळखत नाही, म्हणून मीही रांगेत राहिलो. माझ्यापुढे एक म्हातारी होती. तिचं नाव, वय, दुखणं सगळं लिहून झालं होतं, तरी ती सुनेबद्दल, आटलेल्या विहिरीबद्दल, झोप न येण्याबद्दल बोलत होती. आत्यानं कीबोर्डवरचा हात काढून मांडीवर ठेवला होता आणि ती ऐकत होती. मागचा माणूस मला म्हणाला, "पावणं, लई टाइम लागंल. बसा तिकडं." मी म्हटलं, राहू दे, मला घाई नाही. आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच ते खरं होतं.